तिसरा रिचर्ड खरंच पुतण्यांचा खुनी होता का? (राघोबादादा मध्ये आणू नका, तरी आणणार हे माहीत आहे)

गंगापूररोडची_मावशी

नमस्कार मंडळी,

लेक लेस्टरला शिकायला आहे. तिच्याकडे गेले होते तेव्हा ती म्हणाली, आई, आमच्या गावात बघण्यासारखं म्हणजे एक राजा आहे, पार्किंगमध्ये सापडलेला. मला वाटलं थट्टा करतेय. पण खरंच तसं झालंय! 2012 च्या ऑगस्टमध्ये तिथल्या कौन्सिलच्या कार पार्कमध्ये खोदायला घेतलं, पहिल्याच दिवशी पायांची हाडं दिसली, आणि तो निघाला इंग्लंडचा तिसरा रिचर्ड. 1485 साली बॉसवर्थच्या लढाईत मेला तो. आता तिथे संग्रहालय आहे आणि त्या खड्ड्यावर काच बसवली आहे. तिच्यावर उभं राहून खाली बघायचं. माझ्याच्यानं काही त्या काचेवर पाय ठेववेना, कडेनंच डोकावले. खड्डा इतका आखूड खणलेला की डोकं कडेला टेकून वर उचललं गेलेलं. कोंबलाच होता म्हणा ना.

आम्हाला कॉलेजात इंग्रजीला शेक्सपिअरचा रिचर्ड होता. कुबडा, लंगडा, एक हात वाळलेला, गादी बळकावून दोन कोवळ्या पुतण्यांना मारणारा. आमचे सर बाकांमधून खुरडत खुरडत यायचे आणि पहिल्या रांगेतल्या मुली मागे सरकायच्या. लेस्टरला मात्र भलताच प्रकार. थडग्यापाशी लोक पांढरी गुलाबं ठेवतात. तिथे मदतनीस म्हणून उभ्या असलेल्या एक आजी माझा दंड धरून सांगत होत्या, की हा बिचारा चांगला राजा होता, ट्यूडरांनी, म्हणजे त्याला हरवून गादीवर आलेल्या सातव्या हेन्रीच्या घराण्यानं, बदनाम केला. डोळ्यांत पाणी होतं हो त्यांच्या. सव्वापाचशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसासाठी!

आमच्या सोसायटीतल्या बायकांचं वाचन मंडळ आहे, पुढच्या बैठकीत मी यावर बोलणार आहे. म्हणून विचारते: ट्यूडरांनी आणि त्यांच्या पदरच्या लोकांनी लिहिलेलं सगळं बाजूला काढलं, तर त्याच्याविरुद्ध काही उरतं का? विकिपीडियाच्या लिंका नकोत, वाचल्या आहेत.

पांढरं_रानडुक्कर

मावशी, पांढरं रानडुक्कर हे रिचर्डचं चिन्ह, त्यामुळे मी कोणाच्या बाजूचा ते सांगायला नको.

जॉन राउस नावाचा एक धर्मगुरू होता. रिचर्ड जिवंत असताना यानं लिहिलं, राजा असावा तर असा, प्रजेचा कनवाळू. रिचर्ड मेला, सातवा हेन्री आला, आणि ह्याच राउसनं लिहिलं की रिचर्ड आईच्या पोटात दोन वर्षं होता आणि जन्मला तेव्हा तोंडात दात आणि खांद्यापर्यंत केस होते. दोन वर्षं! आणि आधीच्या स्तुतीच्या दोन प्रतींपैकी जी त्याच्या हाताशी होती ती त्यानं बदलली. दुसरी हाताबाहेर गेली होती, म्हणून आपल्याला हे कळतं.

राजघराण्याच्या संग्रहात रिचर्डचं एक जुनं चित्र आहे. त्याचा एक्स-रे काढला तर कळलं की उजवा खांदा मागाहून रंग चढवून उंच केलाय आणि डोळे बारीक केलेत. म्हणजे कुबड अक्षरशः रंगवलंय.

आणि हेन्रीची चलाखी बघा. लढाई झाली 22 ऑगस्टला. यानं आपली कारकीर्द मोजायला लावली 21 ऑगस्टपासून. म्हणजे जे सरदार आपल्या अभिषिक्त राजासाठी लढले ते एका रात्रीत राजद्रोही, आणि त्यांच्या जमिनी जप्त. रिचर्डला राजा ठरवणारा जो कायदा पार्लमेंटनं 1484 ला केला होता, तो न वाचताच रद्द केला आणि प्रती नष्ट करा म्हणून हुकूम काढला. लपवण्यासारखं काही नव्हतं तर वाचला का नाही?

यॉर्क शहराच्या सभेनं मात्र लढाईच्या दुसऱ्याच दिवशी आपल्या दप्तरात लिहून ठेवलं की आमचा राजा निर्दयपणे मारला गेला आणि शहरावर दुःख कोसळलंय. नवा राजा डोक्यावर असताना हे लिहायला छाती लागते.

निर्दोष. विषय संपला.

निवृत्त_बेंच_क्लार्क

रानडुक्करसाहेब, नवखे वकील हेच करतात. समोरचा साक्षीदार खोटारडा ठरवला की त्यांना वाटतं आपला आरोपी सुटला. तो सुटत नाही, फक्त एक साक्षीदार कमी होतो.

मी नाशिकच्या कोर्टात साहेबांच्या समोरच्या खुर्चीत बसून आयुष्य काढलं. मुद्देमालावर चिठ्ठ्या लावल्या, तारखा लिहिल्या, शपथा दिल्या. त्यामुळे मला इतिहास कमी कळतो, पण कागद कळतो. मावशी, तुमचा प्रश्न मला आवडला, कारण तुम्ही नेमकी फितूर आणि हितसंबंधी साक्ष बाजूला काढायला सांगितलीत. काढू या.

टॉमस मोर बाद. त्याचं पुस्तक सगळ्यांत गाजलेलं, उशीखाली गुदमरवून मारलं ते तपशील त्यातलेच. पण 1483 ला हा पाच वर्षांचा पोर, आणि वाढला कोणाच्या घरी, तर रिचर्डचा हाडवैरी जॉन मॉर्टन याच्या. पुस्तकही अर्धवट सोडलंय. शेक्सपिअर तर शंभरेक वर्षांनंतरचा, तोही बाद. राउस बाद, त्याला आमचे साहेब दोन मिनिटांत उठवून लावते.

आता उरलं काय? पहिल्यांदा घटनाक्रम, ज्यावर कोणाचाच वाद नाही. 9 एप्रिल 1483 ला चौथा एडवर्ड वारला. मोठा मुलगा बारा वर्षांचा, तोच पाचवा एडवर्ड. धाकटा नऊ वर्षांचा. काका रिचर्ड पालक. 30 एप्रिलला काकानं मुलाला लंडनच्या वाटेवर गाठलं आणि त्याच्या मामाला, म्हणजे अर्ल रिव्हर्सला, अटक केली. 13 जूनला लंडनच्या टॉवर नावाच्या किल्ल्यात मंत्रिमंडळाची बैठक चालू असताना लॉर्ड हेस्टिंग्ज याला पकडून त्याच दिवशी मुंडकं उडवलं. ना चौकशी, ना बचाव. हेस्टिंग्ज मेलेल्या राजाचा जिवलग मित्र. 16 जूनला चर्चच्या आश्रयात आईजवळ असलेला धाकटा मुलगा भावाला सोबत म्हणून बाहेर काढून टॉवरमध्ये नेला. 25 जूनला रिव्हर्सचा शिरच्छेद. 26 जूनला काका राजा. 6 जुलैला राज्याभिषेक. एप्रिल ते जुलै. आमच्याकडे एवढ्यात समन्सही बजावून होत नाही.

मुलं बेकायदेशीर ठरवण्याचं कारण काय दिलं? तर त्यांच्या बापानं एलिझाबेथ वुडव्हिलशी लग्न करण्याआधी दुसऱ्या एका बाईला, एलिनॉर बटलरला, लग्नाचं वचन दिलं होतं, म्हणून दुसरं लग्नच रद्द. ती एलिनॉर 1468 ला वारलेली. वचन देणारा राजा नुकताच वारलेला. आरोप खरा असेलही, त्या राजाचा एकंदर स्वभाव बघता अशक्य नाही. पण दोन्ही पक्षकार मेल्यावर पुढे आलेला दावा, आणि ज्याला फायदा त्याच्याच सोयीच्या आठवड्यात, असं दिसलं की आमचे साहेब चष्मा काढून टेबलावर ठेवायचे. मला कळायचं की आता या वकिलाचं काही खरं नाही.

आता माझा आवडता साक्षीदार. डॉमिनिको मानचिनी, इटालियन माणूस, त्या दिवसांत लंडनमध्ये होता आणि अभिषेकानंतर निघून गेला. त्यानं डिसेंबर 1483 ला आपला वृत्तांत लिहून पुरा केला. ट्यूडर गादीवर यायला अजून पावणेदोन वर्षं होती, याला ट्यूडरांकडून काही मिळायचं नव्हतं. हा कागद 1934 ला फ्रान्समध्ये लीलच्या ग्रंथालयात सापडला, म्हणजे शेक्सपिअरनं तो बघायचा प्रश्नच नाही. मानचिनी सांगतो, हेस्टिंग्ज मेल्यावर मुलांना टॉवरच्या आतल्या भागात हलवलं, जुने नोकर काढून टाकले, आणि मुलं जाळीच्या आड, खिडकीत, दिवसेंदिवस कमी दिसू लागली, ती शेवटी दिसेनाशीच झाली. मोठ्या मुलाचा वैद्य सांगत होता की पोर रोज पापांची कबुली देतो, आपलं मरण जवळ आलंय असं त्याला वाटतं. मुलाचं नाव काढताच मोठी माणसं रडताना मी पाहिली, असंही लिहितो. आणि मग लिहितो, की त्याला मारलं का आणि कसं, हे मला अजून कळलेलं नाही.

हे शेवटचं वाक्य माझ्या दृष्टीनं सोन्याचं. बनावट साक्षीदाराला सगळं माहीत असतं, सुरा कितव्या बोटावर लागला तेही. जो म्हणतो इथपर्यंत पाहिलं, पुढचं ठाऊक नाही, त्याच्यावर विश्वास ठेवावा.

पुढचं बघा. त्याच साली ऑक्टोबरात बंड झालं. सुरुवातीला मागणी होती की पोरगा एडवर्ड गादीवर बसवा. बघता बघता मागणी बदलली, आणि परदेशात पळून राहिलेला हेन्री ट्यूडर, ज्याला तोवर कुत्रं विचारत नव्हतं, तो उमेदवार झाला. नाताळात ब्रिटनीमध्ये रेन शहरच्या चर्चमध्ये त्यानं शपथ घेतली की मी या मुलांच्या बहिणीशी लग्न करीन. त्याच्या बाजूनं उभे होते ते मेलेल्या राजाचे जुने निष्ठावंत नोकर. मुलं जिवंत आहेत असं त्यांना वाटत असतं तर हे लोक हेन्रीच्या मागे गेलेच नसते. आणि जानेवारी 1484 ला फ्रान्सच्या चॅन्सेलरनं भर सभेत सांगितलं की इंग्लंडमध्ये मुलांना मारून मारेकऱ्याला मुकुट दिला गेला. फ्रेंच म्हणजे इंग्रजांचे दुष्मन, त्यामुळे साक्षीचं वजन कमी धरा. पण तारीख बघा.

या सगळ्यावर रिचर्डनं काय केलं? काही नाही. एकदा, एकदाच, दोन्ही पोरांना घोड्यावर बसवून लंडनच्या रस्त्यानं फिरवलं असतं तर अफवा जागेवर मेली असती. हाच माणूस 1485 ला, पुतणीशी लग्न करणार अशी कुजबुज झाली, तेव्हा चारचौघांत उभा राहून जाहीर इन्कार करतो. म्हणजे अफवेला उत्तर द्यायची त्याला सवय होती. पुतण्यांबद्दल मात्र अवाक्षर नाही.

आपल्या जुन्या पुरावा कायद्यात कलम 106 होतं, आता नव्यात 109 झालंय. जी गोष्ट खास एखाद्याच्याच माहितीतली आहे, ती सांगायची जबाबदारी त्याच्यावर. बंद घरात बायको मेली, आत फक्त नवरा, तर नवऱ्यानं सांगायचं काय झालं ते. टॉवर त्याच्या ताब्यात, चाव्या त्याच्या माणसाकडे, मुलं त्याच्या हवाली.

पण आता उलट बाजू. 106 लावण्याआधी सरकार पक्षाला पाया घालावा लागतो. इथे प्रेत नाही, पंचनामा नाही, हत्यार नाही, मारेकऱ्याची सही असलेला कबुलीजबाब नाही. आणि मला सगळ्यांत खटकतं ते हे: नोव्हेंबर 1485 ला हेन्रीच्या पार्लमेंटनं रिचर्डवर दोषारोप ठेवला, त्यात अन्याय, खोट्या शपथा वगैरे लांबलचक यादीत बालकांचं रक्त सांडलं असे मोघम शब्द आहेत. कोणती बालकं, कधी, कुठे, काही नाही. ज्याच्या हातात टॉवर आला, माणसं आली, दप्तर आलं, त्यानं आपल्या दोषारोपपत्रात मुलांची नावंसुद्धा घालू नयेत? माझ्या अनुभवात, फिर्यादी इतका मोघम लिहितो तेव्हा त्यालाही नक्की माहीत नसतं.

माझं मत विचाराल तर मारणारा रिचर्डच. हेस्टिंग्ज आणि रिव्हर्सचे खून आणि गादी बळकावणं, यावर तर पुराव्यानिशी दोषी. मुलांच्या बाबतीत मात्र आमच्या साहेबांसमोर खटला असता तर संशयाचा फायदा देऊन सोडला असता, आणि चेंबरमध्ये जाऊन म्हणाले असते, यानंच मारलंय. मतात आणि निकालपत्रात एवढा फरक राहतोच.

आणि रानडुक्करसाहेब, त्या सांगाड्याचा आधार घेऊ नका. हाडांनी पाठीचा निकाल लावला. मणका एका बाजूला वळलेला, दहाव्या वर्षानंतर कधीतरी सुरू झालेला बाक, एक खांदा थोडा उंच, पण हात दोन्ही धड आणि लंगडण्याचं चिन्ह नाही. कुबड खोटं, हात खोटा. म्हणून लोक एकदम म्हणायला लागले की खूनही खोटा. हा काय न्याय? मणक्याचा आणि पुतण्यांचा संबंध काय?

त्याच्या मरणाबद्दल मात्र मान खाली घालतो. अंगावर 11 जखमा, त्यातल्या 9 डोक्याला, शिरस्त्राण गेलेलं. नॉर्थम्बरलंडसारखा सरदार जागचा हलला नाही, तरी हा थेट हेन्रीवर चालून गेला, आणि ऐनवेळी स्टॅन्ले उलटले. शत्रूच्या पदरच्या लेखकानंही लिहिलंय की मर्दासारखा लढून मेला. बाकी 1484 च्या पार्लमेंटमध्ये त्यानं केलेले कायदे बघा: संशयितांना जामीन, दोषी ठरण्याआधी मालमत्ता जप्त करायला बंदी, राजानं 'खुशीची देणगी' म्हणून उकळायची वसुली बंद, पुस्तकं आणणाऱ्या परदेशी व्यापाऱ्यांना सूट. जामिनाचा कायदा करणारा राजा, आणि हेस्टिंग्जला जेवणाची वेळ होईपर्यंतही जामीन नाही.

लेस्टर_सिटी_सिडको

इतिहासाचं माहीत नाही. 26 मार्च 2015 ला लेस्टरच्या कॅथेड्रलमध्ये राजाला रीतसर पुरलं, तेव्हा आमचा फुटबॉल क्लब प्रीमियर लीगच्या तळाला होता. त्या सीझनला वाचला आणि 2016 ला चॅम्पियन झाला, सट्टेवाल्यांनी एकास पाच हजार भाव दिला होता. माझ्यासाठी तो निर्दोष आहे.

आनंदवल्लीकर

कोणीतरी आणणारच होतं, तर मीच आणतो. आमच्या दारातला माणूस आहे.

राघोबादादांची तुलना लोक सहज करतात. काका, अल्पवयीन पुतण्या, गादी. पण क्लार्ककाकांचं वाचल्यावर फरकच जास्त दिसतो. दादा 1768 ला धोडपला माधवरावांकडून हरले, शनिवारवाड्यात कैदेत राहिले. 30 ऑगस्ट 1773 ला नारायणराव पडले ते भर दिवसा, वाड्यात, काकांच्या डोळ्यांसमोर, आणि मारणारे गारदी नावानिशी माहीत. प्रेत होतं, साक्षीदार होते, आणि रामशास्त्री होते. त्यांनी गादीवर बसलेल्या माणसाला तोंडावर दोषी म्हटलं आणि पुणं सोडलं. 1483 ला लंडनमध्ये कोणीही रामशास्त्री निघाला नाही, म्हणून तिथला वाद अजून चालू आहे. असं मला वाटतं.

दुसरं म्हणजे, दादांनी 1758 ला अटकेपर्यंत मजल मारली होती, रिचर्डपेक्षा लढाईत काकणभर सरसच. तरी त्यांच्यासाठी इथे कोणी गुलाब ठेवत नाही. आनंदवल्लीला गर्दी होते ती नवश्या गणपतीला. वाड्याचं फारसं काही उरलेलं नाही. रिक्षावाल्याला आनंदवल्ली नाव कोणावरून पडलं विचारा, आनंदीबाईंचं नाव घेईल आणि लगेच 'ध चा मा' सांगेल. तो कागद कोणी पाहिलाय, हे क्लार्ककाकांनी विचारलंत तर बरं होईल. बाईमाणसावर ढकललं की चौकशी लागत नाही, हे मात्र आपलं आणि इंग्रजांचं सारखं आहे. त्यांच्याकडेही सगळ्या गोंधळाचं खापर मुलांच्या आईवर, एलिझाबेथ वुडव्हिलवर, फोडायची पद्धत होतीच.

गंगापूररोडची_मावशी

क्लार्कभाऊ, इतकं सविस्तर लिहिलंत, फार उपकार. सगळं उतरवून घेतलंय. रानडुक्कर, तुझा राउस मी नक्की सांगणार, बायका हसतील.

पण तुम्ही वुडव्हिलबाईंचं नाव काढलंत म्हणून दोन शंका. रिचर्डनंच मुलं मारली असतील तर तीच आई मार्च 1484 ला पोरींना घेऊन चर्चच्या आश्रयातून बाहेर येऊन त्याच्याच दरबारी कशी गेली? मी तर नसते गेले. आणि टॉवरच्या जिन्याखाली दोन लहान मुलांची हाडं सापडली होती ना? मग डीएनए का करत नाहीत?

निवृत्त_बेंच_क्लार्क

ताई, पहिल्या शंकेचं उत्तर तुमच्याच वाक्यात आहे. पोरी होत्या. पाच मुली घेऊन बाई किती वर्षं चर्चच्या आवारात बसणार? रिचर्डनं 1 मार्चला सरदार, धर्मगुरू आणि लंडनच्या कारभाऱ्यांसमोर शपथ घेतली की मुलींच्या जिवाला धोका होणार नाही, त्यांना तुरुंगात टाकणार नाही, चांगली स्थळं बघून देईन. ती शपथ वाचा. निर्दोष माणसाकडून कोणी अशी शपथ लिहून घेत नाही. तिच्या आधीच्या लग्नाचा एक मुलगाही रिचर्डनं रिव्हर्सबरोबर मारला होता, हे सर्वांना माहीत होतं. तरी गेली. कोर्टात मी अशा बाया पाहिल्यात, ज्याच्यावर फिर्याद त्याच्याच घरी नांदायला परत गेलेल्या, कारण धाकटीचं लग्न व्हायचं होतं. त्यावरून तो सुटला असं कोणी समजू नये. रिचर्डच्या वकिलाला मात्र हा मुद्दा वापरता येईल, ते मान्य.

हाडांचं असं. 1674 ला जिना पाडताना दोन मुलांची हाडं मिळाली, दुसऱ्या चार्ल्सनं ती वेस्टमिन्स्टर ॲबेत संगमरवरी कलशात ठेवली. 1933 ला कलश उघडला, तेव्हा हाडं अपुरी निघाली आणि त्यांत जनावरांचीही मिसळलेली. डॉक्टरांनी वय साधारण जुळतं म्हटलं, पण मुलगे की मुली हे तेव्हा ठरवता आलं नाही. मोर म्हणतो मुलं जिन्याच्या पायथ्याशी पुरली, आणि पुढच्याच ओळीत म्हणतो की एका पाद्र्यानं ती उकरून दुसरीकडे नेली. तेव्हा जिन्याखाली हाडं सापडणं मोरच्या अर्ध्या गोष्टीशी जुळतं आणि अर्धीच्या विरुद्ध जातं. हे लोक सोयीस्कर विसरतात.

त्यानंतर कलश उघडलेला नाही. डीएनएसाठी ॲबेची परवानगी मिळालेली नाही. रिचर्डचा डीएनए हाताशी आहे, त्यामुळे काका-पुतण्याचं नातं तपासता येईल. जुळलं तर मुलं मेली आणि टॉवरमध्ये मेली एवढं सिद्ध होईल, आणि माझं 106 पक्क्या पायावर उभं राहील. नाही जुळलं तर रानडुक्करसाहेबांना पेढे वाटायला मोकळीक.

आनंदवल्लीकर, 'ध चा मा'चा वेगळा धागा काढा. इथे लिहिलं तर मावशींच्या बैठकीत रिचर्ड बाजूलाच राहील.